हिट लागल्यावर विचारा: स्नीक अटॅकचा हिशोब

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांचा मोठा गठ्ठा एकाच विषयावर आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांचा भूमिका-खेळ ऑनलाइन टेबलावर (म्हणजे रोल२०, फाउंड्री अशा सॉफ्टवेअरवर) खेळताना रोग (rogue) क्लासचा, म्हणजे चोरपावलांनी वावरणाऱ्या पात्राचा, स्नीक अटॅक (मोक्याच्या हल्ल्याला मिळणारं जादा डॅमेज, म्हणजे इजा) नेमका कसा मांडायचा, हा तो विषय. म्हणून हा अंक त्यालाच दिला. वेगळं सांगितलं नसेल तिथे पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरावेत. २०२४ च्या पुस्तकात जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

आमचा डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, आधी लपल्याशिवाय स्नीक अटॅक मिळणार नाही. रोग घेऊन बसलेल्या पोराला दर डावात दोन टर्न लपण्यातच घालवावे लागतात. हे बरोबर आहे का? (सेलू)

नाही. लपणं हा ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) मिळवायचा एक मार्ग आहे, अट नव्हे. अटी अशा: शस्त्र फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (दुरून मारायचं) हवं, आणि हल्ल्याच्या फाशाला ॲडव्हान्टेज हवा. ॲडव्हान्टेज नसेल तर लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत त्याचा दुसरा एखादा शत्रू शुद्धीवर आणि धडपणे उभा हवा, आणि तुमच्या फाशाला डिसॲडव्हान्टेज (याच्या उलट, लहान आकडा घ्यायची सक्ती) नको. म्हणजे सोबतचा फायटर (लढवय्या) राक्षसाला भिडलेला असेल तर रोगने उघड्यावर उभं राहून बाण मारला तरी स्नीक अटॅक लागतो. मात्र कुणी शत्रू रोगच्या स्वतःच्या अंगाशी, पाच फुटांत, येऊन उभा असेल तर बाणाला डिसॲडव्हान्टेज येतो आणि फायटर जवळ असूनही स्नीक अटॅक जातो. ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज दोन्ही एकाच वेळी असतील तर ते एकमेकांना खातात. तेव्हा 'डिसॲडव्हान्टेज नाही' ही अट पुरी होते आणि शेजारच्या सोबत्याच्या जोरावर स्नीक अटॅक चालतो.

एक बारीक फरक. २०१४ च्या पुस्तकात 'लक्ष्याचा दुसरा शत्रू' म्हटलंय, २०२४ च्या पुस्तकात 'तुमचा सोबती'. तुमच्याशी काही देणंघेणं नसलेला लांडगा त्याच राक्षसाला चावत असेल, तर जुन्या नियमाने तो चालतो, नव्याने चालत नाही. तुमचं टेबल कोणतं पुस्तक धरतं हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.

रोल२० वर खेळतो. माझा रोग पाचव्या लेव्हलचा. रेपिअरचा (टोचायच्या तलवारीचा) हल्ला मारतो आणि मग चॅटमधे स्नीक अटॅकचे ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) वेगळे टाकतो. क्रिट (हल्ल्याच्या फाशावर वीस) आला की दर वेळी नुसता घोळ. कोणी म्हणतं फक्त रेपिअरचे फासे दुप्पट, कोणी म्हणतं सगळंच दुप्पट. नीट सांगा बरं एकदा. (उदगीर)

क्रिटवर त्या हल्ल्याचे सगळे डॅमेज फासे दुप्पट टाकायचे. त्यात स्नीक अटॅकचे फासेही आले. दुप्पट होत नाही तो फक्त वर मिळवायचा ठरलेला आकडा. तुमचा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बोनस ४ धरला तर:

साधी हिट: १डी८ + ३डी६ + ४, सरासरी १९.
क्रिट: २डी८ + ६डी६ + ४, सरासरी ३४.

फक्त रेपिअरचे फासे दुप्पट केले तर सरासरी २३.५ येते, म्हणजे प्रत्येक क्रिटला रोगचं डॅमेज दहाहून जास्तने कमी पडतं. उलट, आलेल्या बेरजेलाच दोनने गुणलं तर बोनसचे ४ सुद्धा दुप्पट होतात आणि सरासरी ३८ वर जाते.

घोळाचं खरं कारण वेगळं आहे. चॅटमधे सुटे टाकलेले फासे कोणत्या हल्ल्याचे, हे रोल२० ला कळतच नाही. हल्ला क्रिट होता हे त्या सुट्या रोलपर्यंत पोचत नाही. म्हणून स्नीक अटॅक शस्त्राच्याच रोलमधे बसवा. त्याचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे कॅरेक्टर शीटवर रेपिअरच्या दोन नोंदी करणं. एक साधी, दुसरीचं नाव 'रेपिअर, स्नीक'. दुसऱ्या नोंदीत दुसऱ्या डॅमेजच्या रकान्यात ३डी६ भरा आणि डॅमेजचा प्रकार शस्त्राचाच, म्हणजे पिअर्सिंग (टोचणारा), लिहा. क्रिट आला की शीट दोन्ही रकान्यांचे जादा फासे आपोआप टाकते. लेव्हल वाढली की हा रकाना हाताने बदलावा लागतो, हे लक्षात ठेवा: तिसरीला २डी६, पाचवीला ३, सातवीला ४, असं करत एकोणिसावीला १०.

दुसरा मार्ग ग्लोबल डॅमेज मॉडिफायरचा. शीटच्या सेटिंगमधे तो दाखवायचा पर्याय चालू करा, नवी ओळ घाला, फासे भरा, आणि हवा तेव्हा त्यावर टिक करा. गैरसोय अशी की टिक राहिली तर ती प्रत्येक हल्ल्याला लागते. दुसऱ्या हातातल्या खंजिराला लागते, स्नीक अटॅक ज्याला कधीच लागू होत नाही अशा शस्त्रालाही लागते. एका टर्नला दोन हल्ले करणाऱ्या रोगने हा मार्ग घेऊ नये असं आमचं मत आहे.

तिसरा, स्वतःचे मॅक्रो (एका बटणावर बसवलेल्या आज्ञा) लिहिणाऱ्यांसाठी. मॅक्रोत ड्रॉपडाउन प्रश्न घाला आणि त्याला तीन पर्याय द्या: 'नाही' निवडलं तर शून्य, 'होय' निवडलं तर ३डी६, 'क्रिट' निवडलं तर ६डी६. हा प्रश्न हल्ल्याच्या मॅक्रोत नको, डॅमेजच्या वेगळ्या मॅक्रोत हवा. स्नीक अटॅक लावायचा की नाही हे हिट लागल्यावर ठरवायची मुभा नियम देतो. हल्ल्याआधीच विचारून बसलात तर ती मुभा हातची जाते.

एवढा आटापिटा कशाला? दोन वेगळे रोल टाकले आणि डीएमने दोन्ही वजा केले तर बेरीज तीच येते ना? (परभणी)

बेरीज तीच, पण परिणाम तोच नाही. एका हिटचं डॅमेज ही नियमाच्या दृष्टीने एकच रक्कम आहे, आणि बऱ्याच गोष्टी त्या रकमेवर अवलंबून असतात. रेपिअरचे ९ आणि स्नीक अटॅकचे ११, एकूण २० धरू.

लक्ष्याला पिअर्सिंगचा रिझिस्टन्स आहे, म्हणजे ते डॅमेज निम्मंच लागतं. २० चे निम्मे १०. वेगवेगळे लावले तर ९ चे ४ आणि ११ चे ५, मिळून ९. अपूर्णांक दोनदा खाली गेला. इथे फरक एकाच एचपीचा (जीवाच्या आकड्याचा) आहे, तो सोडून देऊ.

लक्ष्य एखादा मांत्रिक आहे आणि कॉन्सन्ट्रेशन धरून, म्हणजे लक्ष देऊन एक मंत्र चालू ठेवून, बसलाय. २० च्या एका मारावर त्याला १० चा एकच सेव्ह (फासा अधिक बोनस मिळून १० गाठले तर मंत्र टिकतो). कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्हचा बोनस ३ असेल तर तो ७० टक्के वेळा तरतो. तेच डॅमेज दोन तुकड्यांत लावलं की सेव्ह दोन, आणि दोन्हींतून तरण्याची शक्यता ४९ टक्के. डीएमने त्या मांत्रिकावर अन्याय केला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता झॉम्बी. हा सगळ्यात बोलका दाखला. झॉम्बी शून्यावर आला की त्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो, ५ अधिक झालेलं डॅमेज इतक्या आकड्याचा. जमला तर तो १ एचपीवर उभा राहतो. रेडियंट डॅमेज किंवा क्रिट असेल तर हा सेव्ह मिळत नाही. समजा झॉम्बीचे १५ एचपी उरलेत. २० एकदम लावले तर सेव्ह २५ चा. त्याचा बोनस ३, फाशावर वीस पडले तरी २३. तो पडलाच. तुकड्यांनी लावले तर आधी ९ गेले, ६ उरले, मग ११ लागले, सेव्ह १६ चा. फाशावर १३ किंवा जास्त आलं की तो परत उभा. म्हणजे जो झॉम्बी उठणं शक्यच नव्हतं, तो आता ४० टक्के वेळा उठतो, आणि रोगचा खेळाडू आपल्या नशिबाला बोल लावतो.

फासे वेगळे पडलेच असतील तर डीएमने आधी बेरीज करावी, मग टोकनच्या (नकाशावरच्या सोंगटीच्या) एचपीतून एकदाच वजा करावी.

रोगला राउंडमधे एकदाच स्नीक अटॅक ना? आमच्या ग्रुपमधे यावरून अबोला धरायची वेळ आली. (देगलूर)

राउंडमधे, म्हणजे सगळ्यांच्या एकेक टर्नच्या फेऱ्यात, नव्हे; टर्नमधे एकदा. आणि ती टर्न रोगचीच असली पाहिजे असंही नाही. स्वतःच्या टर्नला एकदा लावला, मग शत्रूच्या टर्नला तो पळायला लागला आणि रोगने रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी कृती) वापरून ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावरचा वार) मारला, तर अटी पुऱ्या होत असल्यास तिथे पुन्हा लागतो. बॅटल मास्टर फायटरच्या कमांडर्स स्ट्राइकने रोगला हल्ला करायला लावला तरी हेच. रिॲक्शन एकच असते आणि ती स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीला परत मिळते, त्यामुळे व्यवहारात राउंडला दोनपेक्षा जास्त स्नीक अटॅक होत नाहीत.

ऑनलाइन टेबलावर इथे एक खास अडचण येते. ऑपॉर्च्युनिटी अटॅक शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर पडायच्या अगदी आधी होतो. तो अजून जुन्या चौकोनातच आहे असं धरायचं, आणि सोबती शेजारी आहे की नाही हेही तिथूनच बघायचं. पण डीएमने टोकन ओढून सहा चौकोन लांब नेऊन ठेवलेलं असतं. आपोआप तपासणी लावलेली असेल तर सॉफ्टवेअर नव्या जागेवरून अंतर मोजतं आणि 'स्नीक अटॅक नाही' म्हणून मोकळं होतं. फाउंड्रीत कंट्रोल-झेडने टोकन मागे न्या, हल्ला सोडवा, मग पुन्हा पुढे न्या. त्याहून चांगलं म्हणजे डीएमने टोकन हलवण्यापूर्वी 'हा निघतोय, कोणाला काही करायचंय?' असं तोंडाने विचारायची सवय लावावी.

फाउंड्रीवर मिडी-क्यूओएल हे हल्ले आपोआप सोडवणारं मॉड्यूल टाकून स्नीक अटॅक पूर्ण ऑटोमॅटिक केला. कधी लागायला हवा तेव्हा लागत नाही, कधी नको तेव्हा लागतो. एका मित्राच्या शीटवर तर फासेच शून्य दाखवतंय. (छत्रपती संभाजीनगर)

शून्यापासून सुरुवात करू. फाउंड्रीच्या डीएनडी सिस्टिममधे स्नीक अटॅकचे फासे रोग क्लासच्या स्केल व्हॅल्यूमधून, म्हणजे लेव्हलप्रमाणे बदलणाऱ्या आकड्यातून, येतात. ती व्हॅल्यू क्लासच्या ॲडव्हान्समेंट टॅबमधे असते. मित्राने बहुधा कंपेंडियममधून (तयार नोंदींच्या संग्रहातून) रोग क्लास ओढून न आणता हाताने नाव टाइप करून क्लास तयार केला असेल. मग सूत्राला स्केल सापडत नाही आणि उत्तर शून्य येतं. हाताने केलेला क्लास काढा, कंपेंडियममधला ओढून शीटवर टाका, लेव्हल परत द्या. याचा आणखी एक फायदा आहे. तीन लेव्हल रोग आणि चार लेव्हल फायटर असं मिश्र पात्र असेल तर फासे रोगच्या तिसऱ्या लेव्हलचे, म्हणजे २डी६, येतात. हाताने सूत्र लिहिणारे इथे हमखास एकूण सात लेव्हल धरून ४डी६ टाकतात.

आता लागतो-न-लागतो. चार ठिकाणी बघा.

टार्गेट. हल्ल्याआधी शत्रूच्या टोकनवर माउस नेऊन टी दाबला नसेल तर मॉड्यूलला लक्ष्यच माहीत नसतं, मग ते शेजारी कोण आहे ते कुठून बघणार?

टोकनचा डिस्पोझिशन. शत्रू 'होस्टाइल' आणि तुमची माणसं 'फ्रेंडली' असायला हवीत. ड्रुइडने बोलावलेला लांडगा घाईत टेबलावर टाकला आणि 'न्यूट्रल' राहिला, तर तो सोबती म्हणून मोजला जात नाही. उलट, शून्य एचपीवर पडलेल्या क्लेरिकच्या टोकनला बेशुद्धीची कंडिशन लावलेलीच नसेल तर तो धडधाकट समजला जातो आणि फुकटचा स्नीक अटॅक मिळतो. 'नको तेव्हा लागतो' याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

उंची. वीस फूट वर उडणारा सोबती नकाशावर शत्रूच्या शेजारच्या चौकोनात दिसतो. टोकनच्या उंचीचा आकडा भरला नसेल तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो जमिनीवरच आहे.

कॉम्बॅट ट्रॅकर. 'टर्नला एकदा' हे मोजायला मॉड्यूलला टर्न बदललेली कळली पाहिजे. छोटी चकमक म्हणून ट्रॅकर न लावता खेळलात, किंवा डीएम बोलण्याच्या नादात 'नेक्स्ट टर्न' दाबायला विसरला, तर तपासणी जुन्याच टर्नवर अडकते.

एवढं सगळं नीट ठेवूनही आमचा सल्ला असा की पूर्ण ऑटोमॅटिक करू नका. फाशांची संख्या, क्रिटचं दुप्पट होणं, रिझिस्टन्स ही कामं मशीनवर सोपवा. 'लावू का?' हा प्रश्न मात्र प्रत्येक हिटनंतर खेळाडूसमोर यायला हवा. पहिल्या खंजिराने मरायला टेकलेल्या गोब्लिनला मारलं आणि मशीनने तिथेच स्नीक अटॅक खर्च केला, तर दुसऱ्या हातातल्या खंजिराला तो मिळणार नाही, आणि समोर उभा असलेला सरदार वाचेल. रोग खेळण्याची खरी मजा या निवडीत आहे. ती मॉड्यूलला देऊन टाकली तर खेळाडूकडे फक्त बटण उरतं.

आमचे जुने खेळाडू सांगतात, अनडेडवर (झॉम्बी, सांगाडे अशा मेलेल्या पण चालत्या जीवांवर) स्नीक अटॅक चालत नाही. (अंबाजोगाई)

३.५ आवृत्तीत चालत नव्हता. पाचव्यात चालतो, अनडेड असो की यंत्राचा पुतळा. तुम्ही अनडेडचा विषय काढलाच आहे तर एक कामाची गोष्ट. सांगाड्यांना ब्लजनिंग, म्हणजे ठेचणाऱ्या डॅमेजची व्हल्नरेबिलिटी असते (ते त्यांना दुप्पट लागतं), आणि स्नीक अटॅकचं डॅमेज शस्त्राच्याच प्रकारचं असतं. ज्वारीवरची पाखरं हाकायला वापरतात ती गोफण या खेळात रेंज्ड शस्त्र आहे, १डी४ ब्लजनिंग. रोगला ती वापरता येते. पाचव्या लेव्हलला गोफणीचा स्नीक अटॅक १डी४ + ३डी६ + ४, सरासरी १७, आणि सांगाड्यावर तो सगळाच्या सगळा दुप्पट: ३४. रेपिअरने १९ च. ६७ एचपीच्या मिनोटॉर सांगाड्यासमोर हा फरक चांगलाच जाणवतो. फक्त शीटवर स्नीक अटॅकच्या रकान्यात प्रकार ब्लजनिंग लिहिलेला हवा. काही जण तिथे 'स्नीक' असंच लिहून ठेवतात, मग सॉफ्टवेअर फक्त गोफणीचा भाग दुप्पट करतं.

२०२४ च्या नियमांतला कनिंग स्ट्राइक ऑनलाइन कसा बसवायचा? फासे टाकल्यावर एक काढून टाकतो, तर डीएम म्हणतो सगळ्यात लहान आकडा काढला, चालणार नाही. (भोकरदन)

डीएमचं बरोबर आहे. पाचव्या लेव्हलपासून स्नीक अटॅकचा फासा सोडून त्याबदल्यात परिणाम घेता येतो, पण फासा टाकण्यापूर्वी सोडायचा असतो. पडलेल्यांतून निवडून नव्हे. ट्रिप (पाडणं), पॉयझन (विष) आणि विथड्रॉ (निसटणं) या तिन्हींची किंमत एकेक डी६. तेव्हा पाचव्या लेव्हलला ३ ऐवजी २डी६ टाकायचे. क्रिट असेल तर आधी एक फासा वजा, मग दुप्पट, म्हणजे ४डी६. ट्रिप आणि पॉयझनचा सेव्ह ८ अधिक डेक्स्टेरिटी बोनस अधिक प्रोफिशिअन्सी (प्रावीण्याचा बोनस): तुमचा बोनस ४ असेल तर पाचव्या लेव्हलला १५. ट्रिप लार्ज किंवा त्याहून लहान आकाराच्यांवरच चालतो. पॉयझनसाठी पॉयझनर्स किट अंगावर असावं लागतं, ते यादीत लिहिलंय का बघा.

शीटवर शस्त्राची तिसरी नोंद करा, 'रेपिअर, कनिंग', २डी६ ची, आणि वर्णनात सेव्हचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे तो चॅटमधे प्रत्येक वेळी दिसेल. अकराव्या लेव्हलला एका वेळी दोन परिणाम घेता येतात, तेव्हा नोंदी वाढवत बसण्यापेक्षा 'किती फासे सोडले?' असा आकडा विचारणारा मॅक्रो बरा.

उन्हाळ्यात लाइट जाते, मग मोबाइलच्या डेटावर खेळतो. नकाशा उघडेपर्यंत टर्न निघून जाते. (उमरगा)

फाउंड्री ज्याच्या कॉम्प्युटरवर चालतंय त्याचीच लाइट गेली तर सगळ्यांचा खेळ बंद. शिवाय मोबाइल हॉटस्पॉटवरून फाउंड्री बाहेरच्यांना उघडून देणं सहसा जमत नाही, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तेव्हा उन्हाळ्यापुरतं रोल२० घ्या, नकाशे वेबपी स्वरूपात साठवा, आणि पंचवीस बाय पंचवीस चौकोनांच्या पानाला १७५० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र लावू नका, कारण तिथे एक चौकोन ७० पिक्सेलचा असतो. तेही जड जात असेल तर डिस्कॉर्डवर आवाज आणि अव्राए हा चॅटमधे फासे टाकणारा बॉट एवढ्यावर खेळ होतो. त्यात हल्ल्याच्या आज्ञेलाच जादा डॅमेजचे फासे जोडता येतात, आणि क्रिटवर ते दुप्पट होतात. नकाशाशिवाय खेळताना 'सोबती शेजारी आहे का' याचं उत्तर डीएमने हल्ल्याच्या आधी द्यावं, नंतर नको.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीकडे वळतोय. रोगची हीच पद्धत चालेल का? (वसमत)

नाही, बरंच बदलेल. तिथे 'टर्नला एकदा' ही मर्यादाच नाही. लक्ष्य ऑफ-गार्ड (बेसावध) असेल तर प्रत्येक हिटला स्नीक अटॅक लागतो, म्हणून फासे कमी आहेत: पहिल्या लेव्हलला १डी६, पाचवीला २, अकरावीला ३, सतरावीला ४. नुसता सोबती शेजारी असून भागत नाही. दोघांनी समोरासमोरच्या बाजूंनी शत्रूला मधे घ्यावं लागतं, तेव्हा तो ऑफ-गार्ड होतो. जुन्या पुस्तकांत याच स्थितीला फ्लॅट-फुटेड म्हटलंय. जवळच्या लढाईत शस्त्र ॲजाइल (हलकं, चपळ) किंवा फिनेस हवं. क्रिटवर फासे जादा टाकत नाहीत, स्नीक अटॅक धरून आलेली बेरीज दोनने गुणतात, बोनससकट. पाचव्या आवृत्तीतली जी चूक वर सांगितली, तोच इथला नियम आहे, त्यामुळे दोन्ही खेळ खेळणाऱ्यांनी सांभाळावं. हे डॅमेज प्रिसिजन (नेमक्या जागी लागणाऱ्या) प्रकारचं असल्याने भुतं आणि ऊझ (लिबलिबीत गोळ्यासारखे जीव) यांना ते लागत नाही, शस्त्राचं तेवढं लागतं.

फाउंड्रीच्या पाथफाइंडर सिस्टिममधे हे बहुतेक तयारच मिळतं. शत्रूला टार्गेट करून मारलं की घेराव सिस्टिम स्वतः ओळखते, फासे जोडते, आणि चॅटमधल्या कार्डवरून डॅमेज लावलं तर इम्युनिटीही वजा करते. डीएमने आकडा हाताने टोकनमधे टाइप केला तर मात्र यातलं काहीच होत नाही. डॅमेज कार्डवरूनच लावा.